कोपनहेगनहून परत फिरू नका

उत्तर युरोपच्या सहलीला निघणारी मराठी कुटुंबे आता पुष्कळ दिसतात. मुलगा किंवा सून कोपनहेगनला नोकरीला, म्हणून महिना-दोन महिने तिकडे राहायला जाणारे आईवडीलही कमी नाहीत. या सगळ्यांना माझे एक कळकळीचे सांगणे आहे. मत्स्यकन्येच्या पुतळ्यासमोर फोटो जरूर काढा, बंदरालगतच्या रंगीत घरांवरून फेरफटका मारा. पण तेवढ्यावर डेन्मार्क पाहून झाला असे समजू नका. कोपनहेगन हे शेलँड बेटाच्या पूर्व काठावरचे शहर. या देशाचा जुना इतिहास त्याच बेटावर, रेल्वेने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर पसरलेला आहे.

एकच दिवस हाताशी असेल तर तो रोस्किल्डला द्या. गाडीने साधारण पंचवीस मिनिटे लागतात. स्टेशनातून बाहेर पडून चालत गेलात की तांबड्या विटांचे भव्य कॅथेड्रल समोर येते. त्याचे बांधकाम बाराव्या शतकात सुरू झाले, तेव्हा डेन्मार्कमध्ये वीट ही नवी गोष्ट होती. डेन्मार्कच्या जवळपास चाळीस राजाराण्या इथे विसावल्या आहेत. 1995 सालापासून ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आत गेल्यावर आधी मुख्य वेदीच्या मागे जा. तिथे पहिल्या मार्गारेट राणीची शवपेटी आहे. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही तिन्ही राज्ये एका छत्राखाली आणणारी ही बाई 1412 मध्ये वारली. तिच्यापाशी दोन मिनिटे थांबा.

मग पाचव्या फ्रेडरिकचे पांढरे, उजेडी दालन शोधा. मराठी वाचकाने रोस्किल्डला जावेच असे मी म्हणतो, ते या दालनासाठी. डॅनिश लोकांनी 1755 मध्ये बंगालात हुगळीच्या काठी, श्रीरामपूरला, वखार घातली आणि तिला या राजाचे नाव देऊन फ्रेडरिकनगर म्हटले. इंग्रज कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम कॅरी 1800 साली या डॅनिश वसाहतीच्या आश्रयाला आला. त्याने तिथे छापखाना चालवला आणि पंडित वैजनाथ यांच्या मदतीने 1805 मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे 1810 मध्ये मराठीचा शब्दकोश आला, त्यात मराठी शब्द मोडी लिपीत होते. मराठी छपाईची सुरुवातीची पाने अशी डॅनिश वसाहतीत उमटली. व्याकरण निघाले तेव्हा गादीवर सातवा ख्रिश्चन होता. श्रीरामपूरच्या कॉलेजला 1827 मध्ये सनद दिली ती सहाव्या फ्रेडरिकने. आणि 1845 मध्ये आठव्या ख्रिश्चनच्या कारकिर्दीत ती वसाहत इंग्रजांना विकली गेली. हे चारही राजे याच एका दालनात आहेत. आपल्या भाषेच्या इतिहासाचा असा एक तुकडा इतक्या लांब, थंड प्रदेशातल्या चर्चमध्ये समोर येतो, आणि आपली माणसे बाजूच्या शहरातून विमान पकडून परत येतात, याचे मला फार वाईट वाटते.

त्या दालनात उभे राहताना आणखी एक गोष्ट मुलांना सांगा. या राजांच्या काळातल्या वैभवात कॅरिबियन बेटांवरच्या साखरेचा वाटा मोठा होता, आणि तो ऊस आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या घामावर पिकत होता. संगमरवर पाहताना हेही माहीत असावे.

कॅथेड्रलपासून बागेतून उतार उतरत गेलात की खाडीकाठी वायकिंग जहाजांचे संग्रहालय लागते. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात शत्रूची वाट अडवण्यासाठी रोस्किल्डच्या लोकांनी जुनी जहाजे दगड भरून खाडीच्या अरुंद पात्रात बुडवली. जवळजवळ नऊशे वर्षांनी, 1962 मध्ये, त्या जागेभोवती बांध घालून पाणी उपसण्यात आले आणि पाच जहाजांचे हजारो तुकडे चिखलातून बाहेर काढले गेले. त्यांतल्या सुमारे तीस मीटर लांबीच्या युद्धनौकेचे लाकूड तपासले, तेव्हा ते 1042 च्या सुमारास आयर्लंडमधल्या डब्लिनजवळ तोडलेल्या ओकचे निघाले. मग संग्रहालयाच्या कारागिरांनी जुन्याच हत्यारांच्या धाटणीने तशीच नौका बांधली आणि 2007 मध्ये ती वल्ही-शिडांच्या बळावर डब्लिनला नेली. फळीवर फळी चढवून लोखंडी खिळ्यांनी जोडायची त्यांची पद्धत आवारातल्या कारखान्यात पाहायला मिळते. कोकणात होड्या बांधणाऱ्या घरातले कोणी बरोबर असेल तर त्याच्यासाठी वेळ राखून ठेवा. उन्हाळ्यात पर्यटकांना जुन्या धर्तीच्या होडीतून खाडीत नेतात. वल्ही स्वतःच मारावी लागतात. मूळ जहाजांसाठी नव्या इमारतीची योजना आहे, म्हणून सध्या काय काय पाहायला खुले आहे ते निघण्याआधी विचारून घ्या.

दुसरा दिवस मिळाला तर हेल्सिंगोरला, क्रोनबोर्ग किल्ल्यावर जा. शेक्सपिअरने हॅम्लेटची गोष्ट इथे घडवली म्हणून लोक येतात, पण मला त्याहून मोलाची वाटते ती इथली जकात. समोर स्वीडनचा किनारा अवघ्या चार किलोमीटरवर दिसतो. बाल्टिक समुद्रात ये-जा करणाऱ्या बहुतेक जहाजांना या चिंचोळ्या पाण्यातून जावे लागे आणि त्यासाठी डेन्मार्कच्या राजाला पैसे मोजावे लागत. मालाची किंमत कप्तानाने स्वतःच सांगायची. मात्र सांगितलेल्या किमतीला तो माल विकत घेण्याचा हक्क राजाला होता. कमी सांगावी तर माल जायची भीती, जास्त सांगावी तर जकात वाढायची. 1429 च्या सुमारास सुरू झालेली ही वसुली 1857 पर्यंत चालली. तटबंदीवर फिरायला तिकीट लागत नाही. तळघरातल्या काळोख्या वाटा मात्र ओबडधोबड आहेत, गुडघे दुखत असतील तर तिकडे उतरू नका.

फ्रेडरिक्सबोर्गचा राजवाडा त्याच दिशेला आहे. तळे आणि बाग सुंदर, पण वेळ कमी असेल तर तो सोडला तरी चालेल. त्यापेक्षा मी पश्चिमेला स्लागेल्सेजवळच्या ट्रेलेबोर्गला पाठवेन. हॅराल्ड ब्लूटूथ राजाच्या वेळचा, 980 च्या आसपासचा हा मातीचा गोल किल्ला. आतला व्यास सुमारे 134 मीटर, चार दिशांना चार दरवाजे, आत चौकाचौकांत मांडलेली सोळा लांब घरे. आज घरे नाहीत, त्यांच्या खांबांच्या जागा तेवढ्या आखून दाखवल्या आहेत. इथे पुरलेल्या माणसांच्या दातांच्या तपासणीत त्यांतले बरेच जण परमुलखातून आलेले होते असे दिसले. 2023 मध्ये हा किल्ला अशाच आणखी चार किल्ल्यांसह जागतिक वारसा ठरला. पाहायला मुख्यतः गवत आणि मातीचा बांधच आहे, म्हणून आधी वाचून जा.

आता व्यवहाराच्या गोष्टी. पुष्कळ संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि हिवाळ्यात लवकर मिटतात. कॅथेड्रलमध्ये प्रार्थना, लग्न किंवा अंत्यविधी असेल तर पाहुण्यांना बाहेर थांबावे लागते, म्हणून रविवारची सकाळ टाळा. मे ते ऑगस्ट दिवस मोठे असतात, तरी वारा बोचतो; छत्री उलटते, टोपीचे जाकीट घ्या. बाहेरचे खाणे फार महाग पडते, तेव्हा डबा बरोबर असू द्या. कोपनहेगन कार्ड या पर्यटक-पासाच्या काही प्रकारांत रोस्किल्ड आणि हेल्सिंगोरचा प्रवास धरलेला असतो. तुमच्या ठिकाणांची बेरीज करून मगच ते घ्या.

तिकडे राहणाऱ्या मुलांनो, आईवडिलांना शनिवारी मॉलमध्ये नेण्याऐवजी रोस्किल्डच्या गाडीत बसवा आणि घाई करू नका. आणि सहल कंपनीबरोबर जाणार असाल तर पैसे भरण्याआधीच विचारा, कार्यक्रमात रोस्किल्ड आहे का. नसेल तर अर्धा दिवस मागून घ्या. एकट्याने मागितला तर मिळणार नाही, गटातल्या दहा जणांनी मिळून मागा.