खिडकीची डागडुजी

कागदावरचे गणित दोन दिशांनी वाढते. अंश वर, छेद खाली, घातांक किंचित उंचावर. संगणकाचा कळफलक मात्र सगळे एकाच ओळीत, कंसामागून कंस लावत लिहायला सांगतो. बीजगणित करणाऱ्या सॉफ्टवेअरचा इतिहास म्हणजे ही दरी बुजवण्याची दीर्घ खटपट आहे.

ही गरज उशिरा सुचली असे नाही. एमआयटीत विल्यम मार्टिन यांनी 1967 च्या प्रबंधासाठी अशी प्रणाली रचली, की समीकरण पडद्यावर पुस्तकातल्यासारखे उमटावे आणि प्रकाशलेखणीने त्यातले हवे ते पद निवडता यावे. पुढच्याच वर्षी तिथे आजच्या ‘मॅक्सिमा’चे मूळ असलेल्या ‘मॅकसिमा’ या प्रणालीचे काम सुरू झाले. पण असा पडदा तेव्हा मोजक्या प्रयोगशाळांतच होता. 1988 मध्ये ‘मॅथेमॅटिका’ने आज्ञा, उत्तर, आलेख आणि टिपण एकाच ‘नोटबुक’मध्ये आणले, तेव्हा ही सोय घरच्या मेजावर पोचली, अर्थात परवाना विकत घेणाऱ्यांच्याच.

संख्या सिद्धांताची वाट थोडी वेगळी. बर्च आणि स्विनर्टन-डायर यांचे प्रसिद्ध अनुमान केंब्रिजच्या एडसॅक-2 यंत्रावर एलिप्टिक कर्व्हची गणिते करून मिळालेल्या आकड्यांतून उभे राहिले. इथे एका सुबक सूत्रापेक्षा हजारो उदाहरणे तपासणे मोलाचे असते, आणि लिहिलेली आज्ञा हीच प्रयोगाची नोंद ठरते. म्हणून बोर्दोत 1980 च्या दशकात जन्मलेले ‘पारी/जीपी’ आजही साध्या आज्ञा-ओळीवर नांदते. दृश्य मांडणी हवीच, पण तिने ही नोंद गिळता कामा नये.

विल्यम स्टाइन यांनी 2005 मध्ये सुरू केलेल्या ‘सेज’ने दोन्ही गोष्टी सांधल्या. पारीसारखी जुनी इंजिने पोटात घेऊन त्याने ब्राउझरमध्ये उघडणारी मुक्त वही दिली. पुढे सेज पायथन भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीकडे जाताना ती वही मागे पडली, तिची जागा ‘जुपिटर’ने घेतली. पारी मात्र आत तसेच राहिले.

यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. इंजिन दशके टिकते. खिडकी, म्हणजे वापरणाऱ्यासमोरचा दृश्य भाग, दर दहा-पंधरा वर्षांनी नव्याने बसवावी लागते, कारण ब्राउझर, भाषा, पडदे सगळेच बदलत जातात. तरीही विद्यापीठांत नव्या अल्गोरिदमवर शोधनिबंध होतो, बढती मिळते. खिडकी दुरुस्त ठेवणाऱ्याच्या श्रमांना तसे मोल क्वचितच लाभते. ही उपेक्षा गणिताला महागात पडते, कारण नवा विद्यार्थी इंजिनापर्यंत पोचतो तो खिडकीतूनच.

विद्यापीठांनी आणि निधी देणाऱ्या संस्थांनी या देखभालीला गणिती काम मानून कायमच्या जागा आणि पैसा द्यावा. वहीतला मजकूर साध्या, खुल्या स्वरूपात साठवला जावा, म्हणजे खिडकी बदलली तरी विचार हरवणार नाही.

निगा इंजिनालाही लागते. टेक्सासमध्ये विल्यम शेल्टर यांनी मॅकसिमाची एक प्रत 1982 पासून सांभाळली, 1998 मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्याची परवानगी मिळवली आणि 2001 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिची निगा राखली. आज कोणी मॅक्सिमासाठीच्या ‘डब्ल्यूएक्समॅक्सिमा’ या खिडकीत समीकरण सोडवतो, तेव्हा आत 1968 चा तो वारसा काम करतो. एवढा मोठा ठेवा पुढच्या पिढीकडे जाणे एका माणसाच्या चिकाटीवर सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही.