बेटावरचा फोन महाग का?

मुंबईहून लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि न्यूयॉर्क साडेबारा हजार. मॉरिशसचे पोर्ट लुई मात्र पाच हजारांच्या आतच. तरीही साध्या फोनवरून बोलायचे तर अमेरिका स्वस्त पडते आणि मॉरिशस महाग. जवळच्या गावाला जास्त भाडे आणि लांबच्या गावाला कमी, असे एस.टी.च्या कंडक्टरने सांगितले तर आपण त्याच्याशी भांडू. फोनच्या बाबतीत मात्र आपण मुकाट्याने पैसे मोजतो.

मॉरिशस हे मराठी माणसाला परके बेट नाही. १८३४ पासून हिंदुस्थानातून मजूर करारावर तिकडच्या उसाच्या मळ्यांत नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी गणपती इतका जपला की गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. त्या मजुरांना घरी निरोप धाडायला पत्राखेरीज साधन नव्हते, आणि पत्र लिहून देणारा भेटेल याचीही खात्री नव्हती. आज सुरगाण्यासारख्या तालुक्यातला एखादा मुलगा हॉटेलातल्या नोकरीसाठी तिकडे गेला, तर निदान त्याची आई त्याचा आवाज तरी ऐकू शकते. प्रश्न उरतो तो मिनिटाच्या भावाचा.

नव्वदच्या दशकात एस.टी. स्टँडासमोर पिवळ्या पाटीचे एसटीडी-आयएसडी-पीसीओ बूथ उभे राहिले. काचेच्या त्या खोपटात माणूस बोले आणि डोळे लाल आकड्यांवर ठेवी. परदेशचा फोन उपग्रहावरून जात असे. १९७१ साली जुन्नर तालुक्यात आर्वीला उभारलेले भूकेंद्र त्याच कामाचे. आवाज वर जाऊन खाली यायला आणि उत्तर परतायला अर्धा सेकंद लागे. तेवढ्यात दोघेही एकदम ‘हॅलो’ म्हणत, मग दोघेही एकदम गप्प होत, आणि मीटर पळतच राही. म्हणून घराघरांत संकेत ठरलेले असत. दोनदा वाजून बंद झाला तर सुखरूप पोचलो, तीनदा वाजला तर उलट फोन करा. कंपनीला एक पैसाही न देता निरोप पोचवण्याची ही युक्ती कुणी कुणाला शिकवावी लागली नाही.

भाव अंतरावर ठरत नाही, हे ध्यानात घेतले की कोडे सुटते. आपला फोन शेवटी दुसऱ्या देशातल्या कुणाच्या तरी तारेवर जाऊन थांबतो, आणि तो तारवाला दर मिनिटाला आपला आकार घेतो. अमेरिकेत असे तारवाले पुष्कळ, बोलणारे कोट्यवधी. चढाओढीत हा आकार नगण्य झाला. बेटावर कंपन्या दोन-चार आणि ग्राहक थोडे. समुद्राखालच्या तारेचा खर्च त्यांच्याच माथी. वेशीवरचा जकात नाका एकच असला की भाव नाकेदार ठरवतो. आपल्याकडेही हे होतेच. ३१ मार्च २००२ पर्यंत परदेशी फोनची मक्तेदारी विदेश संचार निगमकडे होती. ती संपली आणि दर उतरले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेहून मॉरिशसमार्गे कोचीला येणारी समुद्री तार सुरू झाली. आवाज झटपट पोचू लागला, पण बेटावरचा नाका तिथेच राहिला.

मग स्वस्तात बोलावे कसे? दोन्हीकडे इंटरनेट असेल तर नेटवरून बोलावे, त्यात नाकाच लागत नाही. पलीकडे म्हाताऱ्या आत्याकडे घरचा साधा फोनच असेल तर गोष्ट अवघड होते. नेटवरून अशा फोनला जोडून देणारी स्काइपची सेवा कित्येक कुटुंबांच्या सवयीची झाली होती, ती मे २०२५ मध्ये बंद पडली. उरतात ते कंपन्यांचे आयएसडी पॅक. घेण्यापूर्वी त्यात मॉरिशस आहे का, घरच्या फोनचा आणि मोबाइलचा दर वेगळा आहे का, आकारणी सेकंदाची की मिनिटाची, हे विचारून घ्यावे. अनेकदा तिकडच्याने इकडे फोन करणे स्वस्त पडते, कारण भारतातला नाका स्वस्त आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने बाहेरून येणाऱ्या मिनिटाचा आकार २०१८ मध्ये ५३ पैशांवरून ३० पैशांवर आणला होता. पुढे तो थोडा वाढला, तरी पैशांतच राहिला. आणि अनोळखी परदेशी क्रमांकावरून एकदाच वाजून थांबलेल्या फोनला उलट फोन करू नये. जपानी भाषेत या लबाडीला ‘वांगिरी’ म्हणतात. महागड्या नाक्याच्या बेटांचे क्रमांक तिला फार सोयीचे पडतात. आपली जुनी दोन रिंगांची युक्ती चोरांनी उलटी फिरवली, एवढेच!

हा सारा सल्ला नाशिककराच्या कामाचा. सुरगाण्याच्या डोंगरातल्या पाड्यावर तो अर्ध्यावरच थांबतो. रेंजसाठी टेकाडावर चढावे लागते तिथे नेटवरचा फुकट फोन कुठला? ज्याच्याकडे स्मार्टफोन आणि नेट आहे तो फुकट बोलतो, आणि साधा फोन असलेला मजुराचा बाप पूर्ण आयएसडी दर भरतो. सर्वांत गरीब माणसाच्या वाट्याला सर्वांत महाग मिनिट येते, हे आम्हाला या साऱ्या व्यवहारातले सर्वांत बोचणारे वाटते. २०२२ च्या डिसेंबरात याच तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी ‘सोयी द्या, नाहीतर गुजरातेत जाऊ द्या’ अशी मागणी केली. तिची थट्टा करणाऱ्यांनी पाड्यावरून एक फोन लावून पाहावा. बेट व्हायला समुद्रच लागतो असे नाही.

ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्येच मंजूर केली. जिथे ती पोचली आहे तिथे ती कार्यालयाच्या कपाटाशी का थांबावी? एक खोली, एक पडदा, एक बाक आणि शिकवायला गावातलीच एखादी मुलगी, एवढ्यावर जुना पीसीओ पुन्हा उभा राहतो, तोही लाल आकड्यांवाचून. मात्र खोली कचेरीच्या वेळेत उघडून उपयोग नाही. मॉरिशसचे घड्याळ आपल्याहून दीड तास मागे असते. तिथला मुलगा संध्याकाळी सातला कामावरून सुटेल तेव्हा सुरगाण्यात साडेआठ वाजलेले असतील, आणि त्या वेळी कुलूप उघडे असले पाहिजे.