मैदानावर जय, हिशेबात पराजय

एखाद्या संघाचा पराभव मैदानावर झाला, तर त्याचे दुःख पुढील सामन्यापर्यंतच टिकते. परंतु जो पराभव संचालकांच्या खोलीत, उतावीळ निर्णयांत आणि न जुळणाऱ्या हिशेबांत घडतो, त्याचे मोल पिढ्यांना द्यावे लागते. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरील बास्तिया या फुटबॉल क्लबाचा इतिहास हेच सांगतो. म्हणून तो केवळ खेळाच्या पानापुरता राहू नये, असे आम्हांस वाटते.

बास्तिया हे अर्ध्या लाखाहूनही कमी वस्तीचे बंदर. तेथे १९०५ साली स्थापन झालेल्या या क्लबाने १९७७-७८ च्या हंगामात साऱ्या युरोपास थक्क केले. यूएफा कप स्पर्धेत पोर्तुगालचा स्पोर्टिंग, इंग्लंडचा न्यूकॅसल आणि इटलीचा तोरिनो या तिन्ही बलाढ्य संघांना त्याने दोन्ही सामन्यांत हरविले. प्रशिक्षक पिएर काउझाक यांचा हा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. पावसाने चिखल झालेल्या घरच्या मैदानावर पहिला सामना गोलाविना बरोबरीत सुटला. दुसऱ्यात आइंडहोवेनने ३-० असा विजय मिळविला. पुढे १९८१ साली सेंत-एतिएनला नमवून बास्तियाने फ्रेंच चषक जिंकला. लहान गावाने मोठी स्वप्ने पाहू नयेत, असे म्हणणारांना हे चोख उत्तर होते.

परंतु यशाची आठवण कित्येकदा विवेकास झाकून टाकते. १९९२ साली चषकाच्या उपान्त्य फेरीत मार्सेय संघ येणार, म्हणून फुरिआनीच्या मैदानावरील जुनी प्रेक्षकसज्जा पाडून काही दिवसांत लोखंडी तात्पुरती सज्जा उभारण्यात आली. अधिक प्रेक्षक म्हणजे अधिक उत्पन्न, हा त्यामागचा सरळ हिशेब. ५ मे रोजी सामना सुरू होण्यापूर्वीच ती सज्जा कोसळली. १८ माणसे मेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. त्या वर्षी चषक कोणासही देण्यात आला नाही. न्यायालयात काहींना शिक्षा झाल्या. पण ज्यांची माणसे गेली, त्यांना ५ मे हा दिवस फुटबॉलविना पाळला जावा, एवढ्या मागणीसाठीही जवळजवळ तीन दशके झगडावे लागले. तसा कायदा २०२१ साली झाला. दुर्घटनेस काही क्षण पुरले, तिच्या स्मरणास राजमान्यता मिळण्यास एक पिढी लागली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसरी पडझड लोखंडाची नव्हती, पैशाची होती. २०१७ साली बास्तिया पहिल्या श्रेणीत तळाशी राहिला. त्यातच आर्थिक अवस्था अशी की, व्यावसायिक दर्जा जाऊन त्याला थेट पाचव्या श्रेणीत जावे लागले. खेळाडू पांगले, परंतु गाव पांगले नाही. २०१९ साली क्लबाने सहकारी संस्थेचे रूप घेतले आणि चाहत्यांनाही त्यात भागीदार होता आले. २०२१ साली तो पुन्हा दुसऱ्या श्रेणीत पोहोचला.

सहकार हा शब्द आमच्या वाचकांस नवा नाही, आणि त्याचे गुणदोषही नवे नाहीत. सभासदांची नावे नोंदवहीत असली म्हणजे हिशेब आपोआप चोख होतो, असे मुळीच नाही. त्यासाठी सभासदाने प्रश्न विचारले पाहिजेत. तथापि, ज्याला प्रश्न विचारण्याचा हक्कच नाही, अशा प्रेक्षकापेक्षा त्याची स्थिती निःसंशय बरी. १९९२ साली फुरिआनीच्या सज्जेवर बसलेल्यांनी तिकिटाचे पैसे मोजले होते. पायाखालच्या लोखंडाबद्दल त्यांना कोणी विचारले नव्हते. लहान संस्थेने मोठी झेप अवश्य घ्यावी. मात्र ती ज्यांच्या जिवावर घ्यावयाची, त्यांना आधी हिशेब दाखवावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.