आंकडा तोंडांत नको, हातांत हवा!

पांच वर्षांचें मूल शंभरापर्यंतचे अंक घडाघडा म्हणतें, आणि घरची मंडळी धन्य होतात. पण त्याच मुलापुढें मूठभर चिंचोके टाकून ‘यांतले बारा दे’ म्हणावें, तर तें पुष्कळदां गोंधळतें. ही पोपटपंची झाली. हिला आम्ही गणित म्हणत नाहीं.

एका वस्तूस एकच अंक लावणें, आणि शेवटचा अंक हीच सगळ्या ढिगाची संख्या हें ओळखणें, म्हणजे मोजणें. तें वस्तू हाताळूनच येतें. त्याच्याहि आधीं निवडणें येतें. आई सुपांतून खडे वेंचते, तीच पहिली शाळा! मुलास शेजारीं बसवून हरभरे, वाटाणे, चिंचोके एकत्र द्यावे. रंगानें, मग आकारानें निवडूं द्यावें, आणि ‘असे कां ठेवलेस?’ हें अवश्य विचारावें. मग वाटींत किती चिंचोके मावतील, तें आधीं सांगूं द्यावें, मागून मोजूं द्यावें. अंदाज चुकला तर रागावूं नये. दुसऱ्या खेपेस तो जवळ येतो. तीन वर्षांखालील मुलाच्या हातीं मात्र दाणे देऊं नयेत. तीं नाकातोंडांत घालतात.

आपल्या भाषेंत सत्तावीस म्हणतांना सात आधीं येतो, लिहितांना मागून. म्हणून काड्यांच्या दहा-दहांच्या जुड्या बांधाव्या. दोन जुड्या व सात सुट्या काड्या डोळ्यांपुढें असल्या, कीं २७ आणि ७२ यांतला घोटाळा मिटतो.

हा पोरखेळ कशाला, असें कोणी विचारील. त्यांस आम्ही १८७५ सालची आठवण देतों. त्या वर्षीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचीं कर्जखतें जाळलीं. त्यांत काय लिहिलें आहे, हें बहुतेकांस वाचतां येत नव्हतें. १८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें बहुजनांच्या शिक्षणाची मागणी केली, तींत हिशेब होताच. आज कर्ज मोबाईलवर मिळतें. पण व्याजाचा अंदाज नसणारा तसाच नागविला जातो.

१९७५ पासून अंगणवाड्या आहेत. तिसरीअखेर प्रत्येक मुलास वाचन व अंकज्ञान यावें, म्हणून २०२१ सालीं ‘निपुण भारत’ सुरू झालें. हेतु उत्तम! पण नुसते अंक गिरवून तो साधणार नाहीं. उजळणी बंद करा, असें आम्ही म्हणत नाहीं; ती चिंचोक्यांच्या मागून घ्या. आणि बंधुभगिनींनो, शाळेची वाट कशाला पाहतां? चिंचोक्यांस दाम पडत नाहीं. आज सांजेस मुलाला घेऊन बसा!