कोड यंत्र बदलते, जोखीम माणसाची!

एखाद्या शब्दाचे नामांतर किती महाग पडू शकते, हे पाहायचे असेल तर 'जावाएक्स'चे 'जकार्ता' कसे झाले ते पाहावे. ओरॅकलने २०१७ मध्ये जावाची उद्योगांसाठीची आवृत्ती एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपविण्याचे ठरविले. मात्र, 'जावाएक्स' या नावाच्या वापराबाबतची बोलणी २०१९ मध्ये फिसकटली आणि डिसेंबर २०२० च्या 'जकार्ता ईई ९'मध्ये सारे नावच बदलले. डेटाबेसमधील तक्ते आणि जावा प्रोग्राम यांची सांगड घालणाऱ्या 'हायबरनेट'ने २०२२ च्या सहाव्या आवृत्तीत हे नवे नाव स्वीकारले. जुन्यावर बसून राहण्याचीही सोय नाही. हायबरनेटसोबत सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'स्प्रिंग बूट २.७'चा मोफत आधार नोव्हेंबर २०२३ मध्येच संपला.

हजारो फाइल्समधील हा बदल आता 'ओपनरीराइट'सारखी साधने करतात. ती निव्वळ शब्द शोधून बदलत नाहीत, तर कोडचे व्याकरण वाचतात. 'जावाएक्स.पर्सिस्टन्स' बदलायचे, पण मूळ जावाचाच भाग असलेल्या 'जावाएक्स.एसक्यूएल'ला हात लावायचा नाही, एवढा विवेक त्यांना असतो. ॲमेझॉनचे प्रमुख अँडी जॅसी यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये जावाच्या स्वयंचलित अद्ययावतीकरणातून साडेचार हजार 'मनुष्यवर्षे' वाचल्याचा दावा केला. यंत्राने सुचविलेले ७९ टक्के बदल जसेच्या तसे स्वीकारले गेले, असेही त्यांनी सांगितले. खरी डोकेदुखी उरलेल्या एकवीस टक्क्यांत असते, हे वेगळे सांगायला नको.

कारण हायबरनेट ६ मध्ये केवळ नावे बदललेली नाहीत, वागणूकही बदलली आहे. पूर्वी नव्या नोंदींचे क्रमांक एका सामाईक क्रममालिकेतून मिळत. आता, वेगळी सूचना नसेल तर, प्रत्येक घटकासाठी स्वतंत्र मालिका धरली जाते. ही नवी मालिका एकपासून सुरू झाली, तर आधीच वापरलेले क्रमांक पुन्हा वाटले जातील आणि डेटाबेस नवी नोंद नाकारेल. जुनी पद्धत कायम ठेवण्याची सोय आहे, पण ती कोणाला तरी आठवावी लागते. कंपायलर याबाबत चकार शब्द काढत नाही.

अशा चुका पकडतात त्या चाचण्या. जुन्या प्रणालींत नेमक्या त्याच नसतात. पुणे-बंगळुरूच्या अनेक कंपन्या परदेशी ग्राहकांच्या अशा प्रणालींची देखभाल करतात. हे काम 'मनुष्यदिवसां'च्या हिशेबाने विकले जात असेल, तर यंत्राने वाचविलेले दिवस ग्राहक बिलातून कापायला सांगणारच. ते चाचण्या लिहिण्याकडे वळवायला तो राजी होतो का, हा प्रश्न आहे.