वाकडी चिंच आणि गुप्तधन

शनिवारी सकाळी नऊच्या आत फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. बहुतेक ऑफिसचा असतो आणि कुठलातरी सर्व्हर झोपलेला असतो. या वेळी मात्र मामाचा होता, बिडकीनहून.

"काय करायलास? उठलास का? बांधावरच्या चिंचेचा फोटो टाकलाय बघ. गूगलवर बघून सांग, असलं झाड खुणेचं असतंय का."

फोटो बघायची गरजच नव्हती. ती चिंच मला पाठ आहे. खोड सरळ वर येतं, छातीइतक्या उंचीवर एकदम आडवं होतं, दोन हात पूर्वेकडे जातं आणि पुन्हा सरळ वर. सुट्टीत आम्ही भावंडं तिच्यावर घोडा घोडा खेळायचो. पडलोही बरेचदा.

आता कोणी एक 'जाणकार' गृहस्थ येऊन सांगून गेले होते की हे झाड निजामाच्याही आधीच्या काळात कुणीतरी मुद्दाम वाकवलंय. खोड वळलंय त्या दिशेला सात पावलांवर धन आहे. पूजेचा खर्च एक्कावन्न हजार. आणि पूजेला पायाळू माणूस पाहिजे. (शहरातल्या मंडळींसाठी: पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. अशा माणसाला जमिनीखालचं दिसतं अशी समजूत आहे.)

मामाची नात पायाळू आहे. वय वर्षं सात.

एवढं ऐकल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि पुण्याहून गाडी काढली.

वाटेत विचार करत होतो. मुद्दाम वाकवलेली झाडं ही कल्पना काही अगदीच हवेतली नाही. अमेरिकेत त्यांना ट्रेल ट्री म्हणतात. तिथल्या मूळ रहिवाशांनी कोवळी रोपं वाकवून, बांधून ठेवली आणि त्यावरून वाट किंवा पाणवठा ओळखला, असं सांगतात. पण तिथेही प्रत्येक वाकड्या झाडाला हे लेबल चिकटवणारे हौशी लोक आहेत आणि त्यांना शंका विचारणारे अभ्यासकही आहेत. त्यांचे प्रश्न आपल्या डीबगिंगसारखेच असतात. आधी साधी कारणं तपासा, मग भुताखेतांकडे जा.

पहिला प्रश्न, झाड वाढतं कुठून? उंची वाढते ती शेंड्यातून. खोडाला चार फुटांवर खिळा ठोकला तर पन्नास वर्षांनीही तो चार फुटांवरच असतो, फक्त खोड जाड होतं. म्हणजे चिंचेला जे काही झालं ते छातीइतक्या उंचीवरच झालं, आणि ती लहान असताना झालं.

दुसरा प्रश्न, वय किती? थंड देशातल्या झाडांत दरवर्षी एक वलय तयार होतं. बारीक पोकळ गिरमिटाने खोडातून कांडी काढून ती मोजता येतात. आपल्याकडे सागात अशी वलयं नीट दिसतात, पुण्याच्या आयआयटीएममध्ये त्यांवरून जुन्या काळच्या पावसाचा अभ्यासही झालाय. वड-चिंचेत मात्र हा हिशोब भरवशाचा नाही. आणि नुसता घेर बघून वय ठरवू नये. पाणी मिळालेलं झाड कमी वर्षांतही जाडजूड होतं.

तिसरा प्रश्न, वाकायला दुसरं काही कारण? शेजारचं झाड अंगावर पडतं, सावलीतलं झाड उजेडाकडे झुकतं, शेळ्या शेंडा खातात, माणसं छाटतात. शेंडा गेला की बाजूची एखादी फांदी शेंड्याची जागा घेते आणि वर वळते. झाली खुर्ची तयार!

बिडकीनला पोचलो तसा थेट बांधावर गेलो. खोड जिथे आडवं होतं तिथे, कोपराच्या मागच्या बाजूला, मुठीएवढा जुना खुंट होता. साल चढून जवळजवळ बुजलेला. घरी येऊन आजीला विचारलं. ती हसायलाच लागली.

"अरे, ह्यांनीच तोडला होता तो शेंडा. बहात्तरच्या दुष्काळात. गुरांना घालायला काय होतं तवा?"

म्हणजे निजामाच्या आधीची खूण निघाली १९७२ ची. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

मामाला मी एवढंच म्हणालो, "मामा, वाटेची खूण सगळ्यांना कळावी लागते. धन पुरणाऱ्याला मात्र ती कुणालाच कळायला नको असते. मग तो लांबून दिसेल असं झाड कशाला वाकवेल?" मामा गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "जमीन हाताखालून चाललीय रे. जाण्याआधी काय मिळालं तर बघावं म्हणलं."

खरं दुखणं हे होतं. बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीचं क्षेत्र आठ हजार एकरांच्या आसपास आहे. पिढ्यान् पिढ्यांची जमीन मोबदल्याच्या आकड्यात बदलताना बघणाऱ्या माणसाला जमिनीखाली आणखी काहीतरी असावंसं वाटणारच. मामाला मी मूर्ख म्हणणार नाही. त्या वाटण्याचं बिल घेऊन येणाऱ्याला मात्र सोडू नये.

कारण हा गमतीचा विषय नाही. त्याच १९७२ पासून १९७४ पर्यंत, आपल्याच मराठवाड्यात, मानवतला मुली आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. पिंपळाखालचं धन मिळावं म्हणून ते बळी दिले गेले, असं तपासात पुढे आलं. २०२४ मध्ये त्यावर वेबसिरीज आली, आपण पॉपकॉर्न खात बघितली. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि समजा, खरंच हंडा सापडला तरी १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचं धन कलेक्टरला कळवावं लागतं. त्या गृहस्थांनी हे कलम सांगितलं नव्हतं :)

परत निघताना पैठण रोडला लागलो आणि वाटलं, खुणेची झाडं तर ही आहेत. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावल्याचं आपल्या शिलास्तंभांवर कोरून ठेवलंय. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात ते भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचं लिहिलंय. आजचे वड त्या काळचे नाहीत, पण वाटेला सावली धरायची रीत तीच. नाथषष्ठीला दिंड्या पैठणला जातात, त्यांना अशाच झाडांची सावली लागते. यातलं एक झाड बघून काही कळत नाही, रांग बघितली की रस्ता कळतो. खूण असते ती रांगेत. बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे ओढलेली, नंबर घातलेली ही रांग वाचायला पायाळू असावं लागत नाही.

आणि रस्ता रुंद करायचा म्हटलं की पहिली कुऱ्हाड याच रांगेवर पडते. पन्नास वर्षांवरच्या झाडांना 'हेरिटेज' मानणारी २०२१ ची दुरुस्ती नागरी भागापुरती आहे. तेव्हा मोबाईलमध्ये जीपीएस घेऊन फिरणाऱ्या आपल्यासारख्यांनी एखादा वीकेंड आपल्या गावच्या रस्त्याला द्यावा असं मला वाटतं. प्रत्येक जुन्या झाडाची जागा, घेर, फोटो, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना त्याच्याबद्दल काय आठवतं ते लिहून ठेवा. झाड वाचेलच असं नाही. पण कापणाऱ्याला निदान 'इथे काही नव्हतं' असं म्हणता येणार नाही.

काल मामाचा पुन्हा फोन आला. ते गृहस्थ परत येऊन गेले. आजीने त्यांना चहा पाजला, बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवली, आणि पुन्हा आलात तर पोलिसांना बोलावीन म्हणून सांगितलं.

नात तेव्हा चिंचेवर घोडा घोडा खेळत होती म्हणे.