गाडी उंच केली म्हणून नाला उथळ होत नाही



आपल्या ग्रुपवर आपण जुन्या आठवणी लिहितो. आज आठवण कमी आणि मत जास्त आहे, चालवून घ्या.

विषय आहे थार, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांना मोठे टायर आणि लिफ्ट किट बसवण्याचा. आमच्या घरात सध्या हाच वाद चालू आहे. नातवाला गाडी दोन इंच उचलायची आहे. "आबा, आपल्या शेताचा रस्ता बघा ना," असं म्हणतो. रस्त्याबद्दल त्याचं खरंच आहे. आदिलाबादची काळी माती पावसाळ्यात कशी असते हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. चप्पल मातीत राहते आणि पाय वर येतो.

मोठं चाक खड्ड्यातून सहज निघतं, हेही खरं. आपल्या बापजाद्यांना ते माहीत होतं, म्हणून तर बंडीची चाकं एवढी उंच. पण बंडी पहिल्यापासून त्या चाकांच्या हिशोबानेच बनायची. तयार गाडीला नंतर उचलणं वेगळं.

मी कॉमर्सचा माणूस, जमा-खर्च मांडल्याशिवाय मला कळत नाही. तर मांडू.

जमेची बाजू. २०२०च्या थारला वरच्या मॉडेलमध्ये २५५/६५ आर १८ टायर येतात. त्याचा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर. त्याजागी २८५/६५ आर १८ घातला तर ८२८. फरक ३९ मिलिमीटरचा, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच, कारण उरलेला निम्मा आसाच्या वर जातो. म्हणजे कमाई दोन सेंटिमीटर. आणि लिफ्ट किटने बॉडी वर जाते, पण मागचा अख्खा आस, त्यातला डिफरन्शियलचा गोळा, आहे तिथेच राहतो. दगडाला आधी लागतो तोच. तो वर येतो फक्त टायरने, तेवढा दोन सेंटिमीटर.

आता खर्चाची बाजू. चाक मोठं झालं की स्पीडोमीटर कमी दाखवतो. वरच्या हिशोबात काटा ८० वर असेल तेव्हा गाडी ८४ ने पळत असते. टायर जड, म्हणून डिझेल जास्त, क्लचवर ताण, ब्रेक लागायला अंतर जास्त. पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्यावरचे रबरी बूट लवकर फाटतात. गाडीचा भार वर सरकला की वळणावर उलटायची भीती वाढते. निर्मलकडे जाताना महबूब घाटातली वळणं आठवा. हेडलाइट नीट खाली बसवून घेतले नाहीत तर समोरच्याच्या डोळ्यात जातात. उटनूरच्या रस्त्याला रात्री समोरून मोटरसायकलवर कुणाचा तरी पोरगा येत असतो, हे विसरू नका.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवून दिलेल्या आणि आर.सी.वर नोंदलेल्या तपशिलाच्या विरुद्ध बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी नडू शकतो. गाडीवर कर्ज असेल तर ती बँकेकडे तारण असते, विचारल्याशिवाय हात लावू नये. आयुष्यभर हायपोथिकेशनचे कागद पाहिलेला माणूस सांगतोय.

पण माझा खरा आक्षेप याच्यापैकी एकही नाही. माझा आक्षेप पाण्याचा आहे.

थारला कंपनी ६५० मिलिमीटर पाणी चालेल म्हणते, म्हणजे दोन फुटांच्या थोडं वर. ते संथ पाण्यातून सावकाश जाताना. वाहत्या पाण्याचं गणित वेगळं. अमेरिकेचं हवामान खातं लोकांना बजावतं की एक फूट वाहतं पाणी लहान कार नेतं आणि दोन फूट पाणी एसयूव्हीसुद्धा वाहून नेऊ शकतं. मोठ्या टायरमध्ये हवा जास्त, ते आणखी तरंगतात. गाडी उंच झाली की नाल्याचं पाणी कमी होत नाही, चालवणाऱ्याची हिंमत तेवढी वाढते. जिथे तो काल थांबला असता तिथे आज गाडी घालतो.

ऐंशीच्या दशकात मी उटनूर भागात फील्ड ऑफिसर होतो. साधी जीप, अरुंद टायर. आमचे ड्रायव्हर मामू नाल्याजवळ आले की उतरून काठी घेऊन पाणी बघायचे. जोर दिसला की बीडी पेटवून बसायचे. मी वसुलीच्या घाईत असलो की म्हणायचे, "साब, पानी उतरता. नाला कहीं नहीं जाता." कधी दोन तास, कधी आख्खी दुपार जायची. वसुली दुसऱ्या दिवशी व्हायची, पण आम्ही घरी यायचो.

म्हणून माझं मत असं. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या मापात खोल नक्षीचे चांगले ऑल-टेरेन टायर घ्या. चाकात हवा भरायचा पंप, ओढायचा पट्टा आणि फावडं गाडीत ठेवा. फोर बाय फोर कधी लावायचं ते शिका. लिफ्ट किटचे पैसे शेतरस्त्यावर मुरूम टाकायला द्या, त्यावरून शेजाऱ्याची बंडीही जाईल. आणि घरात म्हातारी माणसं असतील तर एकदा त्यांना त्या उंच गाडीत चढवून बघा. माझ्या सौ.चे गुडघे आत्ताच्याच पायरीला कुरकुरतात.

नातू अजून ऐकलेला नाही. तोही हा ग्रुप वाचतो, म्हणून मुद्दाम इथे लिहिलं. ज्यांनी लिफ्ट करून चार पावसाळे काढलेत त्यांनी आपला अनुभव जरूर लिहावा. माझ्या विरुद्ध असला तरी वाचेन.